माडी नसलेले घर

गेल्या दिवाळीत बदनापूरच्या बसस्थानकासमोर माझा एक जुना विद्यार्थी भेटला. आता त्याचे स्वतःचे बी-बियाण्यांचे दुकान आहे आणि मुलगी नववीत शिकते. चहा पिता पिता तो म्हणाला, "सर, पोरगी शाळेतून आली की मोबाइल घेऊन बसती. नुसत्या बंदुका अन् धडाधड. काय सांगावं तिला? मी बोलायला गेलो की आमची आईच म्हणते, तू तिच्याएवढा होतास तेव्हा काय करत होतास?"

आम्ही दोघेही हसलो. तो काय करत होता हे मला चांगले ठाऊक होते, कारण ते तो माझ्याच क्लासमध्ये, माझ्याच कॉम्प्युटरवर करत होता आणि त्याचे पैसे मी घेत होतो. त्यामुळे त्याच्या प्रश्नाचे उत्तर देण्याची काही जबाबदारी माझ्यावरही येते. आजचे हे बोलणे त्यासाठीच आहे.

या खेळांना इंग्रजीत 'फर्स्ट पर्सन शूटर' म्हणतात. व्याकरणात आपण प्रथम पुरुष, द्वितीय पुरुष, तृतीय पुरुष शिकलो, तोच हा प्रथम पुरुष. टीव्हीला जोडायच्या कॅसेटवरचा मारिओ तुम्हाला आठवत असेल. त्यात 'तो' पळतो, 'तो' उडी मारतो आणि आपण बाजूला बसून त्याला पळवतो. हा झाला तृतीय पुरुष. प्रथम पुरुषी खेळात नायक दिसतच नाही. पडद्याच्या तळाशी फक्त त्याचा हात आणि हातातली बंदूक दिसते. पडदा म्हणजेच आपले डोळे. तिथे कोणी 'तो' नसतो, 'मी' असतो. मी वळलो की सारी खोली वळते. या एका बदलाने खेळणाऱ्याच्या मनाची पकड घेतली आणि अजून ती सुटलेली नाही.

ही कल्पना मोबाइलच्या फार आधीची आहे. १९७३ च्या सुमारास अमेरिकेत नासाच्या एम्स संशोधन केंद्रात कामाचा अनुभव घ्यायला आलेल्या काही विद्यार्थ्यांनी 'मेझ वॉर' नावाचा खेळ केला. स्टीव्ह कॉली, ग्रेग थॉम्पसन आणि हॉवर्ड पामर ही त्यांची नावे. रेघांनी काढलेला चक्रव्यूह, त्यातून आपण चालायचे आणि समोर दुसरा खेळाडू दिसला की नेम धरायचा. हा दुसरा खेळाडू पडद्यावर एका मोठ्या डोळ्याच्या रूपात दिसे. दोन यंत्रे तारेने जोडून हा खेळ दोघे खेळत. म्हणजे 'माझ्या नजरेतून' आणि 'दुसऱ्या माणसाविरुद्ध' या दोन्ही गोष्टी पहिल्या दिवसापासून बरोबरच आल्या. पुढे १९८० मध्ये अटारी कंपनीचा 'बॅटलझोन' हा रणगाड्याचा खेळ आला. तो एड रॉटबर्ग यांनी केला होता. हिरव्या रेघांचे डोंगर आणि हिरव्या रेघांचे रणगाडे. त्याची एक आवृत्ती अमेरिकी सैन्याने प्रशिक्षणासाठी करवून घेतली होती. तेव्हा या खेळांचा आणि युद्धाचा संबंध कोणी नंतर चिकटवलेला नाही, तो जुना आहे, हेही सांगून टाकतो.

आता बदनापूरकडे येऊ. १९९९ साली मी स्टेशनच्या रस्त्यावर दोन जुन्या कॉम्प्युटरवर क्लास सुरू केला. पुढे त्यांचे पाच झाले. दिवसा टायपिंग आणि कॉम्प्युटरची ओळख, पुढे एमएस-सीआयटीची तयारी. मुलींची बॅच दुपारी असे, त्या आपले शिकून निघून जात. संध्याकाळी सातनंतर पोरे येत ती खेळायला. तासाला १० रुपये. क्लासच्या फीतून विजेचे बिल निघत नसे, खेळाच्या पैशांतून निघे. माझी यंत्रे इतकी जुनी होती की त्या काळचे नवे खेळ त्यांवर चालत नसत. म्हणून जग ज्या खेळांवर दहा वर्षांपूर्वी वेडे झाले होते, ते आमच्याकडे तेव्हा चालू झाले. वुल्फेनस्टाइन आणि डूम ही ती नावे.

हे दोन्ही खेळ अमेरिकेतल्या 'इड सॉफ्टवेअर' नावाच्या लहानशा कंपनीचे. जॉन कारमॅक, जॉन रोमेरो, टॉम हॉल आणि एड्रियन कारमॅक अशी चार तरुण माणसे तिच्या मुळाशी होती. दोघांचे आडनाव एकच असले तरी दोन्ही कारमॅक एकमेकांचे नातेवाईक नव्हते. 'वुल्फेनस्टाइन थ्रीडी' आला ५ मे १९९२ रोजी. नाझींच्या किल्ल्यात अडकलेला कैदी पहारेकऱ्यांना चुकवत, मारत बाहेर पडतो, एवढीच गोष्ट. पण तो खेळ पाहून लोक थक्क झाले, कारण त्या काळच्या साध्या घरगुती कॉम्प्युटरवर भिंती इतक्या झपाट्याने सरकताना कोणी पाहिल्या नव्हत्या.

त्यामागची युक्ती समजून घ्यायला बदनापूरच्या स्टेशनवर चला. फलाटाच्या टोकाला उभे राहून जालन्याच्या दिशेने पाहा. रुळांच्या कडेचे खांब बघा. जवळचा खांब उंच दिसतो, त्याच्या दुप्पट अंतरावरचा निम्मा दिसतो, चौपट अंतरावरचा पाव. खांब सगळे सारखेच. म्हणजे खांब किती लांब आहे एवढे कळले, तर तो किती उंच काढायचा हे साध्या भागाकाराने सांगता येते. वुल्फेनस्टाइनचा सारा जादूचा पेटारा म्हणजे हा एक भागाकार.

त्या खेळाचा नकाशा चौकटीच्या वहीसारखा आहे. आडव्या ६४ आणि उभ्या ६४ चौकटी, कुठे भिंत, कुठे मोकळी जागा. सगळ्या भिंती एकाच उंचीच्या आणि काटकोनातल्या. पडद्यावर एका ओळीत ३२० ठिपके असतात. कॉम्प्युटर आपल्या डोळ्यापासून प्रत्येक उभ्या रांगेसाठी एक अशी सरळ रेघ सोडतो, जणू दोरी ताणत नेतो. दोरी ज्या चौकटीत भिंतीला लागली तिथपर्यंतचे अंतर मोजायचे आणि त्या हिशेबाने तेवढी एक उभी पट्टी रंगवायची. अशा पट्ट्या शेजारी शेजारी लागल्या की झाली भिंत. पडद्यावर एकूण ६४,००० ठिपके असतात. प्रत्येकासाठी वेगळा हिशेब करायचा तर ते यंत्र बसल्या जागी घाम गाळत राहिले असते. इथे जास्तीत जास्त ३२० दोऱ्यांत काम भागले. जमीन आणि छत तर नुसते एकरंगी. जे टाळता येईल ते टाळायचे आणि जे डोळ्याला पटेल तेवढेच करायचे, अशी ती काटकसर होती. काटकसर कशाला म्हणतात हे आपल्याकडच्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही.

डूम आला १० डिसेंबर १९९३ रोजी, आणि तो कारमॅकच्या पुढच्या युक्तीवर उभा होता. डूममध्ये भिंती कोणत्याही कोनात होत्या, पायऱ्या होत्या, जमीन कुठे उंच तर कुठे खोल होती, कोपऱ्यात अंधार होता. एवढ्या सगळ्या भिंतींतली कोणती पुढे आणि कोणती मागे, हे दर क्षणाला ठरवायचे कसे? ही युक्ती मी पोरांना शेताच्या वाटणीवरून समजावत असे.

समजा, मोठे शेत आहे. मध्ये एक बांध घातला, दोन वाटण्या झाल्या. प्रत्येक वाटणीत पुन्हा एक बांध, पुन्हा दोन. असे करत करत लहान लहान तुकडे पडले. आता तुम्ही शेतात कुठेही उभे असा. पहिल्या बांधाला एकच प्रश्न विचारायचा, मी तुझ्या अलीकडे की पलीकडे? माझ्या बाजूचे सगळे आधी, पलीकडचे सगळे नंतर. मग पुढच्या बांधाला तोच प्रश्न. दहा-बारा प्रश्नांत शेकडो तुकड्यांचा जवळून लांबपर्यंतचा क्रम लागायला सुरुवात होते. जवळचे आधी रंगवायचे आणि पडद्याची जी जागा भरली तिच्या मागचे रंगवायचेच नाही. बांध कुठे घालायचे हे जड काम खेळ सुरू होण्यापूर्वीच, एकदाच करून ठेवलेले. ही वाटणीची पद्धत कारमॅकने शोधलेली नव्हती. हेन्री फुक्स, झ्वी केडेम आणि ब्रूस नेलर यांनी ती १९८० साली एका शोधनिबंधात मांडली होती. कारमॅकने तो वाचला आणि घरोघरच्या यंत्रात उतरवला. विद्वानांचे काम वाचून ते आपल्या कामाला लावणे, ही डूमची पहिली शिकवण.

दुसरी शिकवण फुकट वाटण्याची. डूमचा पहिला भाग, नऊ पातळ्यांचा, कोणीही घ्यावा, कोणालाही द्यावा, अशी मोकळीक होती. आवडला तर पुढचे भाग पैसे पाठवून मागवायचे. पहिला भाग एका अमेरिकी विद्यापीठाच्या कॉम्प्युटरवर ठेवला गेला आणि तिथून जगभर पसरला. तो दोन फ्लॉपींत मावत असे. आमच्याकडे तो संगणक मासिकाबरोबर आलेल्या फुकट सीडीवर आला. पुढचे भाग मात्र एका मुलाच्या चुलतभावाने पुण्याहून आणले. ती सीडी विकतची नव्हती, नक्कल होती. तेव्हा आम्हाला त्यात काही वावगे वाटत नसे. होते मात्र वावगेच.

तिसरी शिकवण मला सर्वांत मोठी वाटते. डूममध्ये खेळ चालवणारा प्रोग्राम एकीकडे होता आणि नकाशे, चित्रे, आवाज दुसरीकडे, एका वेगळ्या फाइलमध्ये. म्हणजे चूल तीच, वर भांडे कोणतेही ठेवा. हे मुद्दाम केले होते, लोकांनी आपापले नकाशे करावेत म्हणून. १९९४ सालीच न्यूझीलंडचे ब्रेंडन वायबर आणि बेल्जियमचे राफाएल किने यांनी, एकमेकांपासून हजारो मैलांवर राहून, नकाशे तयार करण्याचे सॉफ्टवेअर फुकट दिले. जगभरची पोरे आपली शाळा, आपले घर, आपले कार्यालय डूममध्ये बांधू लागली. अमेरिकेच्या मरीन सैनिकांनी १९९६ मध्ये डूमचा दुसरा भाग बदलून सरावासाठी वापरला. १९९७ च्या डिसेंबरात तर कंपनीने डूमचा मूळ प्रोग्रामच खुला केला. त्यानंतर हौशी लोकांनी तो एटीएमवर चालवला, प्रिंटरच्या बोटभर पडद्यावरही चालवला.

असे नकाशे करण्याचे एक छोटे सॉफ्टवेअर माझ्याही हाती लागले होते आणि ते मी दोन-तीन मुलांना दाखवले होते. आता दिवाळीत भेटलेल्या त्या विद्यार्थ्याची गोष्ट सांगतो.

२००२ चा पावसाळा होता. संध्याकाळी एक गृहस्थ क्लासच्या दारात उभे राहिले. पायाला काळा चिखल, हातात पिशवी. मी म्हणालो, "या मामा, बसा." ते बसले नाहीत. म्हणाले, "सर, आमचं पोरगं इथं काय शिकतंय ते बघायला आलो. दुकानाच्या उधारीचे म्हणून दिलेले पैसे तिथं पोचलेच नाहीत. दुकानदारानं मला चारचौघांत विचारलं."

मी हिशेबाची वही उघडली. टायपिंगच्या बॅचला तो महिनाभर आलेला नव्हता. संध्याकाळी सातनंतर मात्र जवळपास रोज होता. हे दोन्ही माझ्याच अक्षरात लिहिलेले होते. एका पानावर गैरहजेरी, दुसऱ्या पानावर १० रुपये जमा. पोरगा तिसऱ्या मशीनवर बसला होता आणि मान वर करत नव्हता. मामा मला रागावून काही बोलले असते तर बरे झाले असते. ते फक्त म्हणाले, "तुम्ही शिकलेले. तुम्ही तरी सांगायचं."

त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. काहीतरी बोलायचे म्हणून मी मुलाला म्हणालो, "तू काय केलंस ते वडिलांना दाखव." त्याने डूम सुरू केला. पण त्यात राक्षस नव्हते. एक अंगण होते, गोठा होता, गोठ्याला लागून दोन खोल्या. त्याने आपला शेतातला आखाडा बांधला होता. वरून रेघा ओढून, एकेका जागेची उंची लिहून. विहीर म्हणजे जिची जमीन खूप खोल आहे अशी एक गोल जागा. पुढे गावातले घर होते, ओटा, ओट्याच्या तीन पायऱ्या, आत अंधारी खोली.

मामा खुर्ची ओढून बसले. बराच वेळ नुसते पाहत राहिले. मग म्हणाले, "विहीर हितं न्हाई. बांधाच्या पल्याड हाये." पोरगा हळूच म्हणाला, "माहीत आहे दादा. चुकली." थोड्या वेळाने मामांनी विचारले, "अन् वरची माडी कुठं गेली?"

हा प्रश्न मी आजवर विसरलेलो नाही, कारण डूमच्या वर्मावर इतके नेमके बोट मी दुसऱ्या कोणाला ठेवताना पाहिलेले नाही. डूममध्ये माडी बांधताच येत नाही. सगळा खेळ खोलीचा भास देतो, पण आतला नकाशा कागदासारखा सपाट असतो. कागदावरच्या एका जागेला जमिनीची एकच उंची आणि छताची एकच उंची देता येते. खोलीवर खोली ठेवायला जागाच नाही. राक्षससुद्धा सपाट, वेगवेगळ्या बाजूंनी काढलेली चित्रेच, पुठ्ठ्यातून कापून उभी केल्यासारखी. आपण सरकू तसे दुसऱ्या बाजूचे चित्र पुढे येते. मुलाने मामांना हे सगळे समजावून सांगितले, तोडक्यामोडक्या शब्दांत, पण बरोबर. महिनाभर टायपिंगला न आलेला मुलगा वडिलांना उंची, अंतर आणि कोन शिकवत होता.

यावरून मुलाने पैसे उडवले ते योग्य झाले, असे मी म्हणत नाही. मामांनीही म्हटले नाही. उठताना ते म्हणाले, "शिकू द्या. पण पैशाचं मला कळलं पाहिजे." त्याला टायपिंगच्या बॅचला बसवले, महिनाभर खेळ बंद. त्याने गमावलेली रक्कम मी फीमधून वळती केली. आणि दुसऱ्या दिवशी दारावर पाटी लावली, 'घरी सांगून आलेल्यांनाच संध्याकाळी प्रवेश.' गिऱ्हाईक निम्म्याने घटले. पाटी तीन वर्षे आधी लावायला हवी होती.

माडीचे पुढे काय झाले तेही सांगतो. ती बांधली 'क्वेक' या खेळाने, जून १९९६ मध्ये, त्याच इड सॉफ्टवेअरने. क्वेकमध्ये नकाशा सपाट राहिला नाही. पुलाखालून जाता येई आणि पुलावरूनही. राक्षस पुठ्ठ्याचे न राहता त्रिकोणांच्या तुकड्यांनी बांधलेले, सगळ्या बाजूंनी घडीव झाले. त्यासाठी पेंटियमच्या जातीचा तगडा प्रोसेसर लागे, म्हणून माझ्या क्लासमध्ये क्वेक धापा टाकत चाले.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात क्वेकची इंटरनेटसाठी सुधारलेली आवृत्ती आली. तेव्हा इंटरनेट टेलिफोनच्या तारेवरून, अगदी संथ. मी पाऊल टाकले ही बातमी दूरच्या मुख्य कॉम्प्युटरला कळून उत्तर येईपर्यंत वेळ जाई आणि पाय चिखलात रुतल्यासारखे वाटत. यावर तोडगा निघाला तो आपल्या किराणा दुकानातल्या उधारीसारखा. ओळखीच्या गिऱ्हाइकाला दुकानदार माल आधी देतो आणि हिशेब मागाहून वहीशी जुळवतो. तसाच माझा कॉम्प्युटर उत्तराची वाट न पाहता मला पुढे सरकवतो, आणि मुख्य कॉम्प्युटरचा हिशेब आला की फरक असेल तेवढा दुरुस्त करतो. आज नववीतली मुलगी मोबाइलवर देशभरच्या खेळाडूंबरोबर खेळते, तेव्हाही हीच उधारी-वसुली चालू असते.

क्वेकचाच प्रोग्राम परवान्याने घेऊन, त्यात भर घालून व्हॉल्व्ह कंपनीने १९९८ मध्ये 'हाफ-लाइफ' केला आणि या खेळात गोष्ट आणली. हाफ-लाइफमध्ये बदल करून मिन्ह ले आणि जेस क्लिफ या दोन तरुणांनी १९९९ मध्ये 'काउंटर-स्ट्राइक' केला. तो इतका गाजला की व्हॉल्व्हने त्यांनाच आपल्याकडे घेतले. वायबर-किने यांच्यापासून ही परंपरा बघा. आज जो खेळतो तोच उद्या आपल्या हाताने काहीतरी घडवतो. आणखी एक नाव घ्यायलाच हवे, ते 'आयजीआय'चे. २००० सालचा हा नॉर्वेमधल्या कंपनीचा खेळ भारतातल्या गावोगावच्या सायबर कॅफेत चालला. त्यात मोहिमेच्या मध्ये थांबून खेळ जपून ठेवण्याची सोय नव्हती. मेलात की पहिल्यापासून. आमच्याकडे त्यात भारनियमनाची भर. अर्धा तास दबकत दबकत शेवटच्या दारापर्यंत पोचावे आणि लाइट जावी. अंधारात पाच पोरांचा एकदम "अरेरे" ऐकू येई. संयम म्हणजे काय, हे त्या पोरांना आयजीआय आणि वीज मंडळ यांनी मिळून शिकवले.

आता त्या प्रश्नाकडे, जो प्रत्येक आईबापाच्या मनात असतो. या खेळांनी मूल हिंसक होते का? १९९९ मध्ये अमेरिकेतल्या कोलंबाइन शाळेत दोन विद्यार्थ्यांनी गोळीबार केला. ते डूम खेळत असत, म्हणून तेव्हा मोठे वादळ उठले. त्यानंतर पुष्कळ संशोधन झाले. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०१५ मध्ये त्याचा आढावा घेतला आणि २०२० मध्ये तो पुन्हा तपासला. त्यांचे म्हणणे असे, की हिंसक खेळ आणि चिडखोर, आक्रमक वागणे यांत थोडा संबंध दिसतो, पण या खेळांमुळे मुले गुन्हेगार होतात असे म्हणण्याइतका पुरावा नाही. दुसरीकडे शॉन ग्रीन आणि डॅफ्नी बॅव्हेलियर यांनी २००३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. असा नेमबाजीचा खेळ दहा दिवस, रोज एक तास खेळलेल्यांची नजरेने एकाच वेळी अनेक गोष्टी टिपण्याची क्षमता वाढली. टेट्रिस खेळलेल्यांची तशी वाढली नाही.

म्हणजे खेळ हे विष नाही, औषधही नाही. पण सवय ही वेगळी गोष्ट. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या यादीत २०२२ पासून 'गेमिंग डिसऑर्डर'चा समावेश आहे. खेळावर ताबा राहत नाही, बाकी सगळ्यापेक्षा खेळ मोठा होतो, नुकसान दिसत असूनही थांबता येत नाही आणि हे साधारण वर्षभर चालते, अशी त्याची लक्षणे. यात बंदूक, रक्त असा शब्दही नाही. माझ्या वहीतली ती दोन पाने आठवा. धोका पडद्यावरच्या राक्षसात नव्हता. एका पानावरची गैरहजेरी आणि दुसऱ्या पानावरचे पैसे कोणी शेजारी ठेवून पाहत नव्हते, धोका तिथे होता. आणि ती वही माझ्याच हातात होती.

आज ती वही कुणाच्या हातात आहे? मोबाइलमध्ये असते तासांची नोंद, खेळात बंदुकीला रंग आणायला खर्च केलेल्या पैशांची नोंद. ती मुलांबरोबर बसून पाहणे हे पहिले काम. दुसरे काम त्याहून सोपे आणि आपण ते करत नाही. मुलीला म्हणावे, "तू काय करतेस ते मला दाखव." आणि खरोखर पाहावे. न कळल्यास विचारावे, ही भिंत कशी उभी राहते, हा आवाज मागून कसा येतो, मी पडलो तर तुला कसे कळते. तिला उत्तर आले नाही तर ती शोधेल. पुण्यातल्या सुपरगेमिंग कंपनीने 'मास्कगन' आणि २०२४ मध्ये 'इंडस' हे नेमबाजीचे खेळ केले, म्हणजे हे काम आता आपल्या मुलांना समुद्रापलीकडचे राहिलेले नाही. डूमचा खुला प्रोग्राम तर आजही कोणालाही फुकट मिळतो. त्यात घर बांधायला साधा जुना कॉम्प्युटर पुरतो.

बसस्थानकासमोर माझ्या विद्यार्थ्याला मी एवढेच सांगितले, "तुझ्या दादांनी काय केलं ते आठव. ते ओरडायला आले होते आणि खुर्ची ओढून बसले." तो थोडा वेळ काही बोलला नाही. त्याचे दादा आता नाहीत. मग म्हणाला, "सर, ती फ्लॉपी माझ्याकडं आहे अजून. वाचणारं मशीनच राहिलं नाही." मी म्हटले, "आण माझ्याकडे. जुना ड्राइव्ह ठेवलेला आहे."

पुढच्या रविवारी तो मुलीला घेऊन आला. फ्लॉपीवरच्या दोन फाइलींपैकी एक उघडली. अंगण आले, गोठा आला, बांधाच्या पलीकडे विहीर आली. त्याने त्या पावसाळ्यात ती दुरुस्त केली होती, हे मला ठाऊक नव्हते. मुलगी कीबोर्डवरून आपल्या आजोबांच्या ओट्याच्या तीन पायऱ्या चढली, आत गेली आणि वर पाहण्याचा प्रयत्न करू लागली.

"पप्पा," ती म्हणाली, "माडी कुठाय?"